शेजारच्या सीटवरचा मास्तर

आई गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं, की यापुढे गाडी ते स्वतः चालवणार. मी परवा माझ्या घरी परतणार होते. किल्ली त्यांच्याकडे ठेवायची की सोबत न्यायची, हे त्याआधी ठरवायला हवं होतं.

"अर्ध्या गावाला गाडी शिकवलीय मी," बाबा म्हणाले.

खोटं नव्हतं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. पण शिकवणारा बसतो शेजारी. त्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो आणि तोंडाला अजिबात नसतो. बाबांचा जन्म त्याच सीटवर गेला. घरची गाडी आई चालवायची आणि बाबा शेजारून तिला शिकवायचे. माझ्या माहितीप्रमाणे ती शेवटपर्यंत पास झाली नाही.

बाबा स्टिअरिंगमागे बसले. आई बुटकी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. त्यांचे गुडघे वर आले.

"सीट मागे घ्या ना."

"राहू दे. बसतंय."

मी शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला.

गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी झोकात गेली. आरसा, इंडिकेटर, गिअर, सगळ्याचं मोठ्याने समालोचन. वळताच समोर कचऱ्याचा डबा. बाबा खच्चून ओरडले, "ब्रेक! अगं, ब्रेक दाब!"

मी काय दाबणार? डबा आडवा झाला.

वरच्या बाल्कनीतून एका पोराने विचारलं, "काका, नवीन शिकताय का?"

"तुझ्या बापाला मी शिकवलंय!"

"तरीच ते बसने जातात!"

बाबांनी उतरून डबा उभा केला, बंपरवरून हात फिरवला आणि परत येऊन बसले.

"पाय ब्रेकवरच होता ना तुमचा?" मी विचारलं.

"होता की. पण मी सांगायचं आणि तिने दाबायचं, असंच होतं आमचं."

मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती खिशात टाकली.

"नवशिक्याची किल्ली काढून घेत नाहीत. त्याला शिकवतात."

मग त्यांनी पलीकडच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला. तिथला मास्तर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने स्वतःचं स्कूल काढल्यापासून बाबा त्याला 'खड्डेमास्तर' म्हणायचे.

"एक विद्यार्थी पाठवतोय. वय झालंय, तोंडाळ आहे. गाडीत बोलू देऊ नकोस."

"पाठवा की, सर. कोण आहे?"

बाबांनी खिशातली किल्ली चाचपली.

"आमच्या हिचा नवरा."