बारा डोकी, तेरा जोड

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे, आणि स्वभावाने जरा संशयी आहे. मेळघाटातून तोडून आणताना मला लग्नाच्या मांडवाला लावणार म्हणाले होते. लावले अमरावतीच्या एका पोहण्याच्या तलावावर. तेव्हापासून माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

माझ्या टोकाला लोखंडी कडे ठोकले. बुडणाऱ्यापुढे मला धरायचे आणि ओढून काढायचे, हे माझे काम. मला वापरणारा देवमन हा तलावाचा रक्षक. तो दिवसभर स्टुलावर बसे. जरा वेळ पाण्याकडे बघे, मग दारात काढलेल्या चपलांकडे. पुन्हा पाणी, पुन्हा चपला. ओठ सारखे हलत. याचा डोळा कुणाच्या तरी चपलांवर आहे, अशी माझी खात्री पटली.

१९६२ च्या उन्हाळ्यात खुशालराव तलावाच्या कमिटीचे नवे सेक्रेटरी झाले. त्यांनाही संशय होता, पण दुसरा: हा बसल्या बसल्या झोपा काढतो.

“काय रे देवमन, बसल्या बसल्या का करून राहिला?”

“पाहून राहिलो जी.”

“का पाहून राहिला?”

“पानी.”

“पानी का पळून जाते?”

“पानी नाई जात जी. मानूस जाते.”

“लय बोलतं! सोमवारी कमिटीत तुह्या नोकरीचंच पाहतो.”

देवमन पुन्हा ओठ हलवू लागला. चपलांकडे बघत.

रविवारी भर दुपारी तो एकदम उठला. “बारा डोकी, तेरा जोड!” त्याने शिट्टी मारली. “सारे बाहेर निंगा!”

बाराही जण कुरकुरत बाहेर आले. खोल बाजूला, पायऱ्यांच्या सावलीत, एक हात वरखाली होत होता. आवाज कसलाच नाही. देवमनने मला पुढे घातले, कडे बगलेत अडकवले आणि ओढले. वर आले खुशालराव!

देवमनला झोपेत पकडायला ते त्याच्या पाठीमागून गुपचूप पाण्यात उतरले होते. पायात गोळा आला. ओरडायला तोंड पाण्याबाहेर लागते, ते नव्हते. पण माणूस शिस्तीचा. चोरून येतानाही जोडे त्यांनी दारातच काढले होते.

पाणी ओकून झाल्यावर त्यांनी विचारले, “तुले कळलं कसं?”

“तुमचे जोडे दिसून राहिले होते जी. तुमी नव्हते दिसत.”

सोमवारी कमिटी भरली. देवमनच्या नोकरीचा विषय निघाला नाही.

आता तलावावर रबरी ट्यूब आली आहे. माझ्यावर ओले पंचे वाळतात. देवमनवरचा संशय मी मागे घेतला आहे. बाकीचे कायम आहेत.

मित्रांनो, तलावावर याल तेव्हा चपला दारात जोडीने काढा, आणि जाताना आठवणीने घालून जा. काल एकजण विसरून तसाच घरी गेला. देवमन त्याला शोधायला तीनदा तळापर्यंत जाऊन आला.