मोकळ्या रस्त्यांचा शनिवार

अटलांटाला कायमचं जायचं मी ठरवलं, तेव्हा वर्नेल आत्याच म्हणाली होती, "शनिवारी सकाळी निघ. रस्ते मोकळे असतात."

शनिवारी मी सामान गाडीत कोंबलं, वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माझ्या गाडीमागे सगळं अंगण झेंडे लावलेल्या परक्या गाड्यांनी भरलं होतं. कॉलेजचा फुटबॉलचा सामना! सामन्याच्या दिवशी आमच्या गावात पाहुण्यांना अंगणात गाडी लावायला कुणी नाही म्हणत नाही. मला त्या खेळाचा इतका तिटकारा, की सामने कधी असतात तेही मी बघत नाही.

लाल टोपीवाला एक म्हातारा माझ्याच गाडीला टेकून तळलेली कोंबडी खात होता. "आम्ही इथेच शिकलो, पोरी. काय गाव आहे! तू नशीबवान, कायम इथे राहतेस."

"तुमची गाडी काढा. मला जायचंय."

"आता? रस्ते बंद केलेत, बाळा. संध्याकाळपर्यंत कोण हलतंय!"

मी तणतणत ओसरीवर आले. आत्या गोड चहात बर्फ घालत होती. सामन्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ असतं, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

"तुला माहीत होतं."

"चहा घे."

"उद्या निघेन मी."

"उद्या रविवार. मला चर्चला कोण नेणार?"

"मग पुढच्या शनिवारी. तेव्हा तरी सामना नाही ना?"

"सामना नाही गं," माझ्या हातात ग्लास देत आत्या म्हणाली, "पण पुढच्या शनिवारी माझे गुडघे दुखणार आहेत."