आवाज पोचला पाहिजे

आमच्या नारिन गावात हल्ली लग्नाला हजर असलेल्यांपेक्षा परदेशात अडकलेलेच जास्त. त्यांना फोनवर थेट लग्न दाखवायचं, हा माझा आणि उलारबेकचा धंदा.

आयसालकिनच्या लग्नाला कुठला प्लॅटफॉर्म घ्यायचा, यावरून आधी आमची जुंपली नव्हती. ती नंतर जुंपली. उलारबेकनं एक शोधून आणला. "बुरुल, चित्र बघ, आरसा! हजार जणांनी बघितलं तरी अडकायचं नाही." मलाही आवडला.

चाचणीसाठी मी नवरीच्या आईला, तोक्तोबूबू एजेंना, म्हणजे ताईंना, फोन लावला. त्या मॉस्कोत एका इस्पितळात फरशा पुसतात. इकडे आल्या तर कागदपत्रांपायी परत जाता येणार नाही, आणि धाकट्या दोघांचं सगळं त्यांच्याच जिवावर.

"एजे, दिसतंय ना नीट?"

"झकास दिसतंय गं. पण मी कोशोक म्हटलं, तर तिला लगेच ऐकू जाईल ना?"

उलारबेकचं तोंड एवढंसं झालं. मुलगी घराबाहेर पडताना आईनं गाऊन निरोप द्यायचा, हेच आम्ही शहाणे विसरलो होतो! जो तो म्हणत होता, आईला बघायला मिळालं पाहिजे. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"यात तुमचा आवाज इकडे येत नाही, एजे," तो पुटपुटला. "आणि चित्रसुद्धा अर्ध्या मिनिटानं पोचतं."

"अरे बाबा, मग मी काय भिंतीला गाऊ?"

मी लगेच दुसरा प्लॅटफॉर्म धरला, दोन्हीकडून बोलता येणारा. उलारबेक भडकला. "चित्र चिखल येईल त्यात! पाहुणे हसतील. नाव बुडेल आपलं."

"बुडू दे! आईपेक्षा नाव मोठं का तुझं?"

लग्नाच्या दिवशी अंगणात दोनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. नेटवर्कचे बारा वाजले. नवरी निघायच्या वेळेलाच एजेंचा आवाज तुटायला लागला.

"एजे, चित्र बंद केलं तर आवाज टिकेल. पण मग ती दिसणार नाही हो तुम्हाला."

एजेंनी विचारलं, "धूसर दिसतंय गं, डोक्यावर काय घातलंय तिनं?"

"उंच पांढरी टोपी. वर पिसांचा तुरा. फार गोड दिसतेय."

"कर बंद."

बटण उलारबेकनंच दाबलं. आणि कर्ण्यातून एजेंचा आवाज आला, स्वच्छ, अंगणभर. तिकडे चूल पेटव, धूर मात्र इकडे दिसू दे, असं काहीतरी त्या गात होत्या. भांडी घासणाऱ्या बायका हात तसेच ओले ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, लपवू कशाला?

आयसालकिन गाडीत बसली. दार लागलं, गाडी सुरू झाली. तिकडे मध्येच गाणं थांबलं.

"बुरुल, गेली का गं?"

गाडीच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि त्यानं माझा फोन ओढून घेतला.

"कुठली जातेय, आई! तुझं म्हणून होऊ दे आधी."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली.