सांडव्यावरचे दगड

मित्रांनो, लांबून बघाल तर म्हणाल, हा नुसता मातीचा ढिगारा. पण मी बांध आहे, आणि चांगला म्हातारा आहे. ट्युनिशियाच्या दक्षिणेला, मत्माताच्या डोंगरात, एका घळीत आडवा पडून मी वरून आलेलं पाणी अडवतो. माझा मालक दाऊ, त्याच्या आजोबांनी मला घातलं. गाढवांवरून माती आणली, पायांनी तुडवून घट्ट केली आणि माझ्या एका टोकाला दगडी सांडवा ठेवला. माझ्या पाठीशी गाळ साचला, त्यात ऑलिव्हची झाडं वाढली. माझी तहान भागली की उरलेलं पाणी सांडव्यावरून खालच्या बांधाला जायचं. तो दाऊच्या धाकट्या भावाचा. भाऊ वारला, आणि त्याची बायको सल्हा ती जमीन एकटीने सांभाळू लागली.

उन्हाळा सरला की वरचे आणि खालचे मिळून सांडवा साफ करायचे. मग तिथेच बसून जवाची भाकरी तेलात बुडवून खायचे. त्या दिवशी माझं फार कौतुक व्हायचं.

पुढे पाऊस रुसला. वर्षामागून वर्षं कोरडी गेली आणि जमीन भाजून कडक झाली. मधूनच एखादी जोराची सर यायची, तर पाणी मुरायचंच नाही. डोंगरावरून घसरत यायचं आणि सांडव्यावरून निघून जायचं. ते बघून दाऊचा जीव तुटायचा. एके दिवशी त्याने सांडव्याच्या तोंडात दगड रचले आणि फटी चिखलाने लिंपल्या.

सल्हा तावातावाने वर आली. "भाऊजी, माझ्या झाडांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"आधी पाऊस तर पडू दे. तुझ्या वाटचं पाणी मी पिऊन टाकणार आहे का?"

"प्यायला असतात तर बोलले नसते. अडवून ठेवताय, म्हणून बोलते."

दाऊने दगड काढले नाहीत. तो वाईट नव्हता हो. झाडं डोळ्यांसमोर वाळायला लागली की माणूस घाबरतो.

मग तो हिवाळा आला; आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. झिमझिम पाऊस, आज थोडा, उद्या थोडा. जव हिरवागार झाला, दाऊच्या घरी गोडधोड झालं. सगळे खूश, आणि मी मात्र आतून भिजत होतो. डोंगर भिजला, गाळ भिजला, माझं पोट भिजलं. आणखी पाणी मुरायला कुठे जागाच उरली नाही. मला सगळं कळत होतं, पण मातीचं कोण ऐकतो?

सल्हाला ते दिसलं. "भाऊजी, बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय. दगड काढा. चला, मी हात लावते."

दाऊने आभाळाकडे पाहिलं. "तो बघ ढग, टीचभर आहे. एवढ्याने काय होतंय? जरा दम धर."

ढग खरंच टीचभर होता. एरवी भुसभुशीत जमिनीने तो पाऊस निम्मा पिऊन टाकला असता आणि उरलेला सांडव्याने वाहून नेला असता. त्या दुपारी जमिनीचं पोट भरलेलं होतं आणि सांडव्याचं तोंड बंद. पाणी चढत चढत माझ्या माथ्यावर आलं आणि मी मधोमध फुटलो.

सल्हा आपल्या शेतात बांधलेलं गाढव सोडायला खाली गेली होती. दरडीवर चढली म्हणून वाचली. तिचा बांध, तिच्या नवऱ्याने लावलेली झाडं, सगळा गाळ त्या लोंढ्याने ओढून नेला. मागे नुसते गोटे राहिले.

"तुझा बांध मी पुन्हा घालून देतो," दाऊ खाली मान घालून म्हणाला.

"बांध घालाल हो. गाळ कुठून आणाल?" सल्हा एवढंच बोलली. मग बोचकं बांधून ती लेकीकडे शहरात गेली, ती परत आली नाही.

दाऊने मला एकट्याने सांधलं आणि सांडवा पहिल्यापेक्षा रुंद केला. अजूनही तो दरवर्षी सांडवा साफ करतो आणि एकटाच भाकरी खातो. माझं कौतुक करत नाही. मलाही ते नको.

मित्रांनो, पाऊस येणार म्हटलं की सगळे वर बघतात. तुम्ही पायाखालीही बघत जा. जमीन भाजून कडक झालीय की आधीच्या पावसाने तुडुंब भरलीय, ते बघा. आणि कितीही कोरडी वर्षं गेली तरी पाण्याची वाट बुजवू नका.

यंदाही पाऊस झाला. मला हवं तेवढं पाणी मी ठेवलं आणि सल्हाच्या वाटचं सांडव्यावरून सोडलं. ते गोट्यांवरून वाहत गेलं. अडवून घ्यायला खाली आता कुणी नाही.