शकुंतलेच्या बोटाला सुई

सोलापूरच्या ट्रक टर्मिनलवर शकुंतलेनं किती ड्रायव्हरांची बोटं टोचली, त्याला गणती नाही. बाई दहावी पास, ना डॉक्टर ना नर्स. पण तिथं तपासणी चालवणाऱ्या संस्थेनं शिकवलं आणि एचआयव्हीची तपासणी तिच्या हातात बसली. रक्ताचा थेंब पट्टीवर, वर औषधाचे थेंब, मग थांबायचं. एक रेघ आली तर सुटलास. दोन आल्या तर पक्क्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात. भिऊ नको, गोळ्या खाऊन माणूस नातवंडं खेळवतो, असं ती सगळ्यांना सांगायची.

स्वतःचं बोट मात्र तिनं कधी पुढं केलं नव्हतं. नवरा ड्रायव्हरच होता, कधीचा अपघातात गेला, आणि शंका तेवढी हिच्या पोटात ठेवून गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्यात नातेपुत्याचा महिपती, तोही ड्रायव्हर, बायको वारलेला, लग्नाचं विचारून बसला. शकुंतला म्हणाली, "आधी तपासून घ्या."

"घेतो की," म्हणत तो खुर्चीत बसला. "शेजारची खुर्ची मोकळी हाय, तुमी बी बसा."

आता आली का पंचाईत. घाबरली की हिला हसू फुटतं, ते काही केल्या आवरेना. हसत हसतच बसली. सोबतीण सावित्रम्मानं आधी त्याचं बोट टोचलं, मग हिचं.

पट्टी दोघींनी वाचायची, हा तिथला नेम. सावित्रम्मा आणि त्यांच्यातली वयानं धाकटी कामवाली अक्षता न बोलता बघणार आणि जितक्या रेघा तितकी बोटं एकदम वर करणार. जुळली तरच निकाल.

महिपतीच्या पट्टीला दोघींचं एकेक बोट वर आलं. तो खुशीत वळला. "मग लग्नाचं काय?"

"माझी पट्टी होऊ द्या की."

"मी पट्टीला न्हाय विचारलं, तुमाला विचारलंय."

"दोन रेघा आल्या तर?"

"तर गोळीची याद मी दीन. रोज गाडीतनं फोन करून. लई पिडीन बघा."

पुन्हा हसू आलं तिला.

"व्हय," ती म्हणाली. "करू लग्न."

मागं दोघींनी कधीच बोटं वर केली होती. शकुंतलेचं तिकडं लक्षच नव्हतं. शेवटी सावित्रम्मानं तिची हनुवटी धरून मान वळवली, तेव्हा कुठं तिला दोघींचं वर केलेलं एकेकच बोट दिसलं. मग ती जी हसत सुटली, ती रडू येईपर्यंत.