उत्तर बाबांनी दिलं

रविवारची प्रार्थना आटोपून फालानिकोच्या घरी जेवण मांडलं होतं. अळूचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, दगडांवर भाजलेलं डुक्कर. पश्चिम सिडनीतल्या आम्हा सामोअन लोकांकडे आधी वडीलधारी जेवतात, मुलं वाढतात आणि मागून जेवतात. फालानिकोचा एतुआले एकोणीस वर्षांचा, दारातून वाकून यावं लागे एवढा उंच, रग्बी लीगच्या नामवंत क्लबाशी करार झालेला खेळाडू. तरी त्या दिवशीही तो बापापुढे ताट घेऊन मान खाली घालून उभा होता. आम्ही बायका ते पाहून त्याच्या आईला, माकेरिताला, म्हणत होतो की पोरगा असावा तर असा.

ताट ठेवून एतुआले परसात गेला आणि कपड्यांच्या दोरीमागे उलटी करून आला. हे फक्त त्याच्या बहिणीने, लुपेने पाहिलं. लुपे वृद्धाश्रमात परिचारिकेचं काम करते, तिला अशा गोष्टी लगेच कळतात. आदल्या दिवशी क्लबाच्या दुय्यम संघाकडून खेळताना समोरच्याचा खांदा त्याच्या कपाळावर आदळला होता. नियमाप्रमाणे क्लबाने त्याला विश्रांती दिली. पण दोन आठवड्यांनी मुख्य संघात त्याचा पहिला सामना होता आणि डॉक्टरने बरं ठरवल्याशिवाय मैदानात उतरता येणार नव्हतं.

त्या सामन्याची वाट कोण पाहत नव्हतं? चर्चने दोन बस ठरवल्या होत्या. तिकडे सामोआ बेटावर फालानिकोच्या गावाने सभाघरात टीव्ही लावायची तयारी केली होती. फालानिको वीस वर्षं खाटीकखान्यात राबला, साहेबांपुढे मान खाली घालून. मुलाच्या जर्सीच्या पाठीवर आपल्या घराण्याचं नाव लिहिलेलं त्याला पाहायचं होतं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं.

तपासणीला घरचं एक माणूस सोबत आणायची क्लबाची रीत होती. खेळाडू दुखणं लपवतात, घरचे लपवणार नाहीत, असा त्यामागे हिशेब. भला हिशेब, पण तो करणाऱ्याने आमचं घर कधी पाहिलेलं नव्हतं. सामन्याच्या आधीच्या बुधवारी बापलेक गेले. डॉक्टरने विचारलं, डोकं दुखतं का, उजेडाचा त्रास होतो का, झोप लागते का. प्रत्येक वेळी उत्तर बाबांनी दिलं. नाही, नाही, लागते. शेवटी डॉक्टर एतुआलेकडे वळून म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

एतुआलेने नजर खाली वळवली. बाप बोलल्यावर मुलगा बोलत नाही, आमच्यात हेच वळण. डॉक्टरला वाटलं, लाजाळू आहे, बापाचं म्हणणं त्याला कबूल आहे. त्याने सही केली.

घरी मात्र एतुआले खोलीचे पडदे ओढून पडून असे. एकदा त्याने लुपेला एकच गोष्ट तीनदा विचारली. गुरुवारी संध्याकाळी सगळे चटईवर प्रार्थनेला बसले तेव्हा लुपेने विषय काढला. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

"बाबा, याचं डोकं अजून बरं नाही. उलट्या होतात. याला शनिवारी खेळवू नका."

फालानिको ओरडला नाही. तो म्हणाला, "मी डॉक्टरला सांगून आलोय की तो बरा आहे. मी खोटं बोललो, असं म्हणायचंय तुला?"

 मग त्याने मुलाला विचारलं, "तुझी ताई म्हणते ते खरं आहे का रे?"

आमच्यात भावाने बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो आणि बापाला तर खोटं पाडायचंच नसतं. एतुआलेने नजर चटईकडे वळवली. "बाबा म्हणतील तसं," तो म्हणाला.

शुक्रवारी लुपेने क्लबाला फोन लावायला घेतला. माकेरिता तिच्याजवळ येऊन बसली.

"लावशील बाई. पण मग तुझ्या बापाने चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसायचं, तेही सांग."

लुपेने फोन खाली ठेवला. त्याबद्दल ती स्वतःला आजही माफ करत नाही.

शनिवारी आम्ही सगळ्याजणी चर्चला घालतो त्या पांढऱ्या टोप्या घालून गेलो. एतुआले पहिली वीस मिनिटं असा खेळला की अनोळखी लोकही त्याचं नाव घेऊ लागले. मग एक साधी झोंबी झाली, सामन्यात शंभरदा होते तशी. तो उठला, चार पावलं उलट्या दिशेने चालला, खाली बसला आणि आडवा झाला. आम्हाला वाटलं, दम घेतोय. काहीजणी टाळ्या वाजवत होत्या. मीही.

मंगळवारी तो गेला.

अंत्यविधीला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या रीतीप्रमाणे मानाच्या बारीक विणीच्या चटया भेट आल्या, भाषणं झाली. प्रत्येकाने एकच सांगितलं, असा आज्ञाधारक मुलगा होणे नाही, तो कधी उलटून बोलला नाही. पाद्रीबाबांनीही तेच म्हटलं तेव्हा लुपे उठून उभी राहिली.

"म्हणूनच मेला तो," ती म्हणाली. "बोलला असता तर आज इथे बसला असता. आपण सगळ्यांनी त्याला गप्प बसायला शिकवलं. मीही गप्प बसले."

माकेरिताने तिचा झगा ओढला. फालानिको मान वर न करता म्हणाला, "खाली बस." लुपे बसली नाही. मग कुणीतरी स्तोत्र सुरू केलं आणि तिचा आवाज बुडवायला आम्ही सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. माझा आवाज त्यात चांगला खणखणीत होता.

घरी आले आणि मला माझीच लाज वाटली. मी पंचवीस वर्षं रविवारची शाळा घेते. एतुआलेही माझ्याच हाताखालून गेला, वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालण्याचा धडा मीच त्याच्याकडून घोटून घेतला होता. म्हटलं, आता हे बदलायचं. पुढच्या रविवारी मुलांना सांगितलं, मोठी माणसंही चुकतात. चुकली तर सांगायचं, त्यात अपमान नाही. आज मी मुद्दाम एक चूक करणार आहे, बघू कोण सांगतं.

मग मी म्हणाले, "मोशेने तारू बांधलं."

बायबलातल्या महापुराचं ते तारू नोहाने बांधलं, हे त्यातल्या चार वर्षांच्या मुलीलाही ठाऊक आहे. मी थांबले. मुलं माझ्या पायांकडे बघत होती. मी पुन्हा म्हणाले, जरा हळू, त्यांना धीर यावा म्हणून.

आणि सतरा मुलांनी माझ्यामागून एका सुरात म्हटलं, "मोशेने तारू बांधलं."