डब्यातला फेस आणि सुभेदारांची मिशी

मित्रांनो, इस्लामपूरजवळच्या एका घराच्या न्हाणीत, खिडकीच्या फळीवर वाळून कडक झालेला दाढीचा जुना ब्रश तुम्हाला दिसला, तर तो मीच. माझी मूठ सागवानी आहे. केस कधीकाळी मऊ होते.

चाळीस वर्षांपूर्वी हंबीररावांनी मला फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलं. तेव्हा ते नवे भरती झालेले होते आणि गालावर रोज नवी जखम असायची. त्यांच्याच मुलखातल्या एका हवालदारानं त्यांना शिकवलं, "क्रीम हरभऱ्याएवढीच घ्यायची. फेस पातळ ठिव गड्या, मिशीची कड दिसली पायजे." पुढं बर्फात, वाळवंटात, बदलीच्या गाडीत मी त्यांच्या गालावर फिरलो. ते सुभेदार होऊन परतले, तेव्हा त्यांची मिशी पाहायला पोरं जमायची.

आमच्याकडे आई किंवा बाप गेल्यावरच माणूस मिशी उतरवतो. वडील गेले तेव्हा हंबीररावांनी ती एकदाच उतरवली होती. आई बनुबाई मात्र ऐंशीच्या पुढं जाऊनही पांडुरंगाच्या कृपेनं हिंडतीफिरती होती. नजर तेवढी गेलेली.

गेल्या माघात हंबीररावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. महिनाभर दाढी वाढली. अशात गावानं ठरवलं, की सप्त्यातल्या काल्याच्या कीर्तनात सुभेदारांना हार घालायचा.

"न्हाव्याला बोलवू या," सूनबाई संयोगिता म्हणाली.

"बापाची सेवा दुसऱ्यानं का करायची?" जयराज म्हणाला. लेक गुणाचा, पण कुपवाडला कारखान्यात जाणारा. स्वतःची दाढी मशीननं कातरायचा. वस्तरा त्यानं कधी धरलाच नव्हता.

तो दाढीचं सामान आणायला गेला, तेव्हा दुकानदारानं त्याच्यापुढं क्रीमची ट्यूब ठेवली. "पयल्यांदाच करताय न्हवं? मग ट्यूब घ्या अन् ब्रशनं सावकाश फेस काढा." जयराजनं शेजारचा तयार फेसाचा डबा उचलला. घरी येऊन हसतच सांगू लागला, "ट्यूब म्हाताऱ्यांची! ह्येचं बटण दाबलं की झालं."

हंबीररावांनी डावा हात उचलून माझ्याकडं बोट केलं.

"वारं लागतंय व्हय, दादा?" म्हणत जयराजनं खिडकी लावली.

मग त्यानं फेस फवारला. डोळ्यांपर्यंत पांढरा ढीग. नाकाखाली काय आहे ते कुणाला दिसेना. वस्तरा गालावरून निघाला तो थेट ओठावर गेला. हंबीरराव घशातून ओरडले.

"गप ऱ्हावा की, लागंल!" जयराजनं त्यांची हनुवटी घट्ट धरली.

फेस पुसला, तेव्हा अर्धी मिशी वाटीत होती. संयोगितानं पदर तोंडाला लावला. जयराज पांढराफटक पडला. "अर्धी ठिवून कसं न्यायचं?" म्हणत त्यानं पुन्हा वस्तरा उचलला. हंबीररावांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. त्यानं एकेक बोट सोडवलं आणि उरलेली मिशीही काढली.

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. मांडवात खुर्ची ठेवताच जुने सोबती भाऊसो टोपी काढून जवळ आले. "आई कवा गेली रं हंबीर? मला सांगावा न्हाई?"

बनुबाई बायकांत टाळ्या वाजवत बसली होती. तिनं ते ऐकलं. चाचपडत आली, लेकाच्या ओठावरून तळवा फिरवला.

"मी जिती हाय की रं," ती म्हणाली. "एवढी घाई झाली व्हय तुला?"

हंबीररावांचा ओठ नुसता हलत राहिला. जयराजनं तिचे पाय धरले, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बापाला झाकाय खोटं बोलू नगंस, बाबा." त्यानंतर ती लेकाजवळ बसली नाही. पंधरा दिवसांत ती गेली. न्हावी आला, तेव्हा हंबीररावांच्या ओठावर आईसाठी उतरवायला नुसती खुंटं होती.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा, असा हट्ट मी धरत नाही. पण ज्याची वाचा गेली आहे, त्याची सेवा करताना हात जरा आवरा. तो नको म्हणत असेल, तर तेवढं ऐकून घ्या. देवानं त्याच्याजवळ तेवढंच ठेवलेलं असतं.